कुत्रा ठणठणीत, बाळ आजारी: खाद्याच्या पाकिटातून घरात शिरणारे जिवाणू

प्रश्न थोडक्यात असा: दहा महिन्यांचं रांगतं बाळ. चार दिवस ताप, जुलाब, शौचात रक्ताचा अंश. स्टूल कल्चरमध्ये, म्हणजे शौचाच्या नमुन्यातले जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीत, साल्मोनेला हा जिवाणू निघाला. बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "घरात प्राणी आहे का? तो काय खातो?" घरात तीन वर्षांचा लॅब्रॅडोर आहे, कोरडं खाद्य खातो, चघळायला कधीतरी डुकराचा वाळवलेला कान मिळतो. त्याला काहीही झालेलं नाही. नवरा म्हणतो, कारखान्यात भाजून निघालेल्या कोरड्या दाण्यात जिवाणू येणार कुठून? नणंद म्हणते, पाकीट बंद कर, कच्चं मांस सुरू कर, ते नैसर्गिक. आणि विचारणाऱ्या ताईंना हवंय हे: खाद्य तपासून घेऊ का, कुत्र्याला अँटिबायोटिक देऊ का, की त्याला सरळ कुणाला तरी देऊन टाकू?

ताई, मी जनावरांचा डॉक्टर. बाळाच्या औषधांत मी पडत नाही. एवढंच सांगतो की लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, दूध ओढेनासं झालं किंवा पुन्हा रक्त दिसलं, तर सकाळची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट, बाळाला हे कुत्र्याच्या खाद्यातूनच झालं असं मी इथे बसून सांगू शकत नाही. साल्मोनेला अंड्यातून येतो, कच्च्या कोंबडीतून येतो, नीट न धुतलेल्या सुरीवरून येतो. पण तुमच्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला याचा मला मनापासून आनंद झाला. पंचवीस वर्षांपूर्वी तो कुणी विचारत नव्हतं. मीही नाही.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे, आणि गडबड उरलेल्या अर्ध्यात होते. कोरडे दाणे तयार करताना पीठ, मांसाचा चुरा आणि पाणी यांचं मिश्रण वाफ आणि दाबाखाली शिजवून यंत्राच्या तोंडातून बाहेर ढकलतात. त्या यंत्रातलं तापमान पाणी उकळण्याच्या वर जातं. तिथे साल्मोनेला टिकत नाही. म्हणजे दाणा यंत्रातून बाहेर पडतो तेव्हा तो स्वच्छच असतो. पण तसा दाणा कुत्रा खात नाही. त्याला ना वास असतो ना चव. म्हणून वाळवल्यानंतर मोठ्या फिरत्या पिंपात त्याच्यावर चरबी आणि चवीचा अर्क फवारतात. पाकीट फोडल्यावर येणारा तो वास आणि बोटांना लागणारा तेलकटपणा या लेपाचाच. शिजवण्याची पायरी मागे राहिली, लेप पुढे आला. लेपातून, छतावरून टपकणाऱ्या वाफेच्या थेंबातून, किंवा कच्च्या मालाच्या बाजूने उडत आलेल्या धुळीतून एकदा जिवाणू बसला, की त्याला मारणारी पायरी पुढे नसते. थेट पाकीट बंद.

आणि कोरडेपणा? कोरडेपणामुळे जिवाणू वाढत नाही, हे खरं. पण तो मरतही नाही. साल्मोनेला कोरड्या, तेलकट पदार्थात महिनोन् महिने निपचित पडून राहतो. शिवाय चरबीचं आवरण पोटातल्या आम्लापासून त्याला वाचवतं, त्यामुळे अशा पदार्थांतून थोडे जिवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. काही जण मला विचारतात की दाणे घरीच ओव्हनमध्ये गरम करून घेऊ का. नको. पाण्यात असताना जो जिवाणू सहज मरतो, तोच कोरड्या चरबीत असताना उष्णतेला फारशी दाद देत नाही. आणि दाण्यावर कोमट पाणी ओतलं तर उलट त्याची झोपच मोडते. पाणी मिळालं, अन्न समोर आहेच, खोलीची ऊब आहे. अनुकूल परिस्थितीत असे जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. भिजवलेलं खाणं सकाळपासून दुपारपर्यंत भांड्यात पडलं असेल तर पुढचा हिशोब तुम्हीच करा.

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. 2006 ते 2008 या काळात अमेरिकेत 21 राज्यांतल्या 79 जणांना साल्मोनेलाच्या श्वार्झेनग्रुंड नावाच्या एका उपप्रकाराची लागण झाली. हा उपप्रकार तसा क्वचित आढळणारा, म्हणून तर तपास करणाऱ्यांच्या नजरेत भरला. रुग्णांपैकी जवळजवळ निम्मी मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. एवढ्या लहान मुलांनी असं काय खाल्लं असेल जे सगळ्यांत सारखं आहे, याचा माग काढत तपास पोचला कुत्र्यांच्या कोरड्या खाद्यावर. तोच जिवाणू घरातल्या कुत्र्यांच्या विष्ठेत सापडला, न फोडलेल्या पाकिटांत सापडला आणि ज्या कारखान्यात ते खाद्य तयार झालं तिथेही सापडला. पण त्या तपासातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. आजारी बाळांचा संबंध ठळकपणे कशाशी जुळला? प्राण्याला स्वयंपाकघरात खायला घालण्याशी. बाळाने दाणा तोंडात टाकलेला असायलाच हवा असं नाही. दाणे, ओटा, सिंक, दुधाची बाटली आणि आईचे हात एकाच खोलीत आले, तेवढं पुरतं.

त्यानंतरही असे प्रकार थांबलेले नाहीत. 2012 साली पुन्हा कोरड्या खाद्यातूनच साल्मोनेलाचा दुसरा एक उपप्रकार अमेरिका आणि कॅनडात मिळून 49 जणांपर्यंत पोचला. 2023 साली अमेरिकेत सात राज्यांत सात रुग्ण निघाले. त्यातली सहा बाळं एक वर्षाची किंवा त्याहून लहान होती. आकडे मोठे नाहीत, हे मीही मान्य करतो. रोज लाखो कुत्रे हेच खाद्य खातात आणि बहुतेक घरांत काही होत नाही. पण जुलाब झालेल्या प्रत्येकाचं कल्चर होत नाही, आणि झालं तरी कुत्र्याच्या पाकिटापर्यंत कुणी जात नाही. म्हणून अशा आकड्यांकडे बघून मी निर्धास्त होत नाही, आणि घाबरतही नाही.

डुकराच्या कानाबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. 2019 साली अमेरिकेत 34 राज्यांत 154 जण साल्मोनेलाने आजारी पडले, 35 जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, आणि सगळे धागे जुळले ते कुत्र्यांना चघळायला देतात त्या वाळवलेल्या डुकराच्या कानांशी. त्यातले बरेचसे जिवाणू नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकना जुमानत नव्हते. वाळवणं म्हणजे शिजवणं नव्हे, हे इथे लक्षात ठेवायचं. आणि या कानांचं एक फार वाईट आहे: कुत्रा तो जिभेने ओला करतो, दिवाणाखाली नेतो, अर्धा चघळून सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी रांगणारं बाळ तोच उचलतं. बाळ घरात असेपर्यंत कान, खूर, कच्च्या चामड्याची हाडं बंद. याला माझ्याकडून सूट नाही.

आता तुमचं घर. तुम्ही जाताजाता एक वाक्य लिहिलंय, "दाणे काढायला आम्ही कान तुटलेला जुना मग ठेवलाय, तो सिंकपाशीच असतो." माझी नजर तिथेच अडली.

मागे एका घरी म्हातारा कुत्रा बघायला गेलो होतो. त्याला उचलून दवाखान्यात आणणं शक्य नव्हतं. घर लखलखीत. पण खाद्याच्या डब्यात असाच एक स्टीलचा पेला पडलेला. बाईंनी माझ्यासमोर तो काढला, दाणे भांड्यात ओतले, पेला नळाखाली धरून खळबळला, झटकला आणि ओलाच पुन्हा डब्यात टाकला. मी डबा रिकामा करायला सांगितलं. तळाशी दाण्यांचा भुगा चिकटून बसला होता, पिवळट, खवट वासाचा, आणि पेला जिथे टेकायचा तिथे तो भुगा भिजून खपलीसारखा झाला होता. प्रत्येक नवीन पाकीट त्या जुन्या थरावर ओतलं जात होतं. किती महिने, त्यांनाही आठवेना. त्या घरात कुणी आजारी नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. नशीब चांगलं होतं.

तर, माप खाद्याचं वेगळं, आणि ते दुसऱ्या कशालाही लावायचं नाही. धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात जायचं नाही. खाद्य मूळ पाकिटातच ठेवा, तोंड गुंडाळून घट्ट बंद करा, आणि हवं तर ते पाकीटच अख्खं डब्यात ठेवा. याचे दोन फायदे. जुन्यावर नवं पडत नाही, आणि लॉट नंबर हाताशी राहतो. एखादा लॉट कंपनीने परत मागवला तर तो आपला आहे की नाही हे पाकीट फेकून दिलेल्या माणसाला कधीच कळत नाही. डबा कोरड्या, थंड जागी ठेवा, आणि बाळाच्या हाताला लागणार नाही असा.

खाण्याचं भांडं. आज एक करून बघा: कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात आतल्या कडेवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागतं का? तो नुसता चिकटपणा नसतो, तो जिवाणूंनी स्वतःभोवती बांधलेला थर असतो. पाण्याने खळबळल्याने तो जात नाही. 2011 साली एनएसएफ या संस्थेने 22 घरांतल्या रोजच्या 30 वस्तू तपासल्या. सर्वांत घाणेरड्या वस्तूंत भांडी घासायचा स्पंज पहिला, सिंक दुसरं, टूथब्रश ठेवायचा स्टँड तिसरा आणि प्राण्याचं भांडं चौथं निघालं. आपण काय करतो? चौथ्याला पहिल्याने घासतो, दुसऱ्यात. मग त्याच स्पंजाने बाळाची वाटी. कुत्र्याची घासणी वेगळी ठेवा, वेगळ्या रंगाची, वेगळ्या जागी. शक्य असेल तर भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवूच नका; धुतलीत तर नंतर सिंक साबणाने घासा. प्लॅस्टिकचं भांडं असेल तर बदला, कारण त्यावरच्या ओरखड्यांत घाण धरून राहते. स्टीलचं उत्तम.

ब्लीच वापरायचं असेल तर आधी साबणाने तेलकटपणा पूर्ण काढा, कारण चरबीच्या थराखालच्या जिवाणूपर्यंत ब्लीच पोचत नाही. बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, थोडा वेळ भिजू द्या, मग भरपूर पाण्याने धुवून वाळवा. ब्लीच टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या कुठल्याही द्रावात कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

आणि हात. खाद्य काढल्यावर, भांडं उचलल्यावर, विष्ठा उचलल्यावर साबण लावून वीस सेकंद. सॅनिटायझर तेलकट हातावर फारसं काम करत नाही.

नणंदेच्या सल्ल्याबद्दल. कच्च्या मांसावर माझं अनेक मालकांशी वाजलेलं आहे. त्यातले बहुतेक आपल्या प्राण्यावर माझ्याइतकंच, कदाचित जास्तच प्रेम करणारे असतात, त्यामुळे मी त्यांना वेडं म्हणत नाही. पण आकडे बघा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 2010 ते 2012 या काळात केलेल्या तपासणीत कच्च्या खाद्याच्या 196 नमुन्यांपैकी 15 मध्ये साल्मोनेला आणि 32 मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा दुसरा जिवाणू सापडला. त्याच काळात तपासलेल्या कोरड्या खाद्यांच्या नमुन्यांत साल्मोनेला जवळपास नव्हताच. लिस्टेरियाची खोड अशी की तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो, आणि गरोदर बाईला झाला तर आईला नुसता ताप येऊन गर्भ मात्र जाऊ शकतो. गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत, थांबतात. गोठवून वाळवलेल्या महागड्या कच्च्या खाद्याचंही तेच. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वर्षानुवर्षं जिवंत जपून ठेवायचे असतील तर हीच पद्धत वापरतात! 2017 साली इंग्लंडमध्ये ई. कोलाय ओ157 या जिवाणूची चार जणांना लागण झाली, एकाचा मृत्यू झाला. चारपैकी तिघांचा संबंध कच्चं पोट-आतडं खाणाऱ्या कुत्र्यांशी आला होता.

"पण कुत्र्याचं पोट दणकट असतं, त्याला काही होत नाही." हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. बरोबर आहे, आणि माझी चिंता तीच आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात 16 कुत्र्यांना साल्मोनेला असलेलं कच्चं खाद्य एकदाच खायला दिलं. त्यातल्या सात कुत्र्यांच्या विष्ठेतून पुढे एक ते सात दिवस जिवाणू पडत राहिला. आजारी एकही पडला नाही. कुत्र्याला जुलाब झाले असते तर मालक सावध झाला असता. इथे कुत्रा शेपटी हलवतोय, स्वतःचं बूड चाटतोय, मग बाळाचा गाल चाटतोय. तुमच्या घरात कुत्रा ठणठणीत आहे, पण त्यावरून तो किंवा त्याचं खाद्य यातून सुटत नाही.

बाळ, सत्तरीतले आजी-आजोबा, गरोदर बाई किंवा केमोथेरपी घेणारं कुणी ज्या घरात आहे तिथे कच्चं खाद्य नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पाकीटबंद खाद्य मनातून उतरलं असेल तर मांस शिजवून द्या, आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस होईल असं. फक्त रोजचं पूर्ण जेवण घरचं करायचं असेल तर कॅल्शियम आणि बाकीच्या घटकांचं गणित पशुवैद्याकडून बसवून घ्या. नुसत्या मांसावर कुत्र्याची हाडं निभत नाहीत.

खाद्य तपासायचं का? माझा सल्ला, त्यावर पैसे घालवू नका. प्रयोगशाळा साधारण 25 ग्रॅमचा नमुना घेते. दहा किलोच्या पाकिटाचा तो चारशेवा भाग. जिवाणू दाण्यांवर सारखे पसरलेले नसतात, इथे चार दाण्यांवर असतील, तिथे नसतील. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तुम्ही निश्चिंत व्हाल, आणि ती निश्चिंती खोटी असेल. त्यापेक्षा पाकिटाचा, लॉट नंबरचा आणि तारखेचा फोटो काढा. उरलेलं खाद्य पाकिटासकट दुहेरी पिशवीत बांधून बाजूला ठेवा. कंपनीला आणि अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेला बाळाच्या रिपोर्टसह कळवा; त्यांना नमुना हवा असेल तर ते मागतील. बाळाच्या नमुन्यातला जिवाणू प्रयोगशाळेने जपून ठेवला असेल तर पुढे त्याची जनुकीय जुळणी करता येते, तेव्हा डॉक्टरांना तेवढं विचारून ठेवा. आणि ते खाद्य रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालू नका. चांगल्या मनाने लोक हे करतात, आणि जिवाणू पुढच्या दारात पोचतो.

कुत्र्याला अँटिबायोटिक? लक्षणं नसतील तर नाही. इथे माझी एक जुनी चूक कबूल करतो. सुरुवातीच्या वर्षांत अशा ठणठणीत कुत्र्यांना मी पाच-सात दिवसांच्या गोळ्या लिहून द्यायचो, मालकाचं समाधान म्हणून. त्याने जिवाणू जातोच असं नाही; आतड्यातले चांगले जिवाणू मात्र मरतात, साल्मोनेला बाहेर पडण्याचा काळ लांबू शकतो, आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात. मग तेच घरातल्या माणसांत. विष्ठेची एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणून कुत्रा मोकळा झाला असंही नसतं, कारण जिवाणू रोज पडत नाही. म्हणून मी लक्षणं नसलेल्या कुत्र्याची तपासणीही सहसा सांगत नाही. तो जिवाणू सोडतोय असं धरून चालायचं आणि काळजी घ्यायची.

देऊन टाकायचा प्रश्नच येत नाही. सध्याचं खाद्य बदला, दुसऱ्या लॉटचं नवं पाकीट आणा, भांडी-डबा-माप धुवून वाळवा. त्याला जेवण स्वयंपाकघराबाहेर द्या, एका ठरलेल्या कोपऱ्यात, बाळ दुसऱ्या खोलीत असताना. वीस मिनिटांत खाऊन झालं की भांडं उचला आणि खालची फरशी पुसून घ्या, कारण लॅब्रॅडोर खाताना निम्मं आजूबाजूला सांडतो. ओलं खाद्य उरलं तर दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. पुढचे दोनेक आठवडे बाळाचं तोंड आणि हात चाटू देऊ नका. एकत्र खेळू द्या, पण नंतर बाळाचे हात साबणाने धुवा. कुत्र्याची विष्ठा लगेच उचला. आणि हे उलट्या बाजूनेही चालतं: बाळाच्या शौचातूनही अजून काही आठवडे साल्मोनेला पडू शकतो, तेव्हा लंगोट कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशा उघड्या बादलीत टाकू नका.

यात कुत्र्याला जुलाब, उलट्या, ताप किंवा सुस्ती दिसली तर मात्र त्याला पशुवैद्याकडे न्या. फोनवरच सांगा की घरातल्या बाळाला साल्मोनेला निघालाय. म्हणजे ते तुम्हाला बाकी पेशंटबरोबर बाकावर बसवणार नाहीत, आणि टेबलावर घेताना हातमोजे घालतील.